बीएमएक्सवाल्याने घेतलेली स्ट्रीट ट्रायल्स सायकल: नऊ महिन्यांचा अनुभव

स्ट्रीट ट्रायल्स म्हणजे शहरातल्या कठड्यांवर, भिंतींवर तोल सांभाळत उड्या मारण्याचा प्रकार. त्याची सायकल घेण्याआधी भेटेल त्याला मी एकच प्रश्न विचारत होतो: यातली सगळ्यात जास्त बीएमएक्ससारखी कुठली? अकरा वर्षं बीएमएक्स, म्हणजे २० इंची चाकांची कसरतींची सायकल, चालवलेला माणूस दुसरं काय विचारणार म्हणा. नऊ महिन्यांनी कळतंय की प्रश्नच चुकला होता. त्या प्रश्नापायी मी दोन-तीन गोष्टी उलट्या केल्या आणि नंतर गुपचूप पूर्ववत केल्या.

ओढ लागली ती बहुतेकांना लागली तिथूनच. स्कॉटिश ट्रायल्सवाला डॅनी मॅकअॅस्किल, त्याचा २००९ मधला एडिंबरोतला व्हिडिओ, टोकदार कुंपणावरून सायकल नेणारा. तेव्हा मला वाटलं होतं की हा बीएमएक्सच चालवतोय, फक्त चाकं थोडी मोठी आहेत. चाकं मोठी आहेत हे खरं, २४ इंच. पण फरक चाकांत नाही. तो ब्रेकमध्ये आणि गिअरमध्ये आहे, आणि बीएमएक्सवाला नेमक्या याच दोन गोष्टींकडे बघत नाही.

आधी आकाराचं. स्पर्धेतल्या ट्रायल्स सायकली २० आणि २६ इंचाच्या असतात. त्यांना बहुधा सीटच नसते आणि त्यांच्यावर मॅन्युअल (पेडल न मारता मागच्या चाकावर जाणं) मारायला गेलं की सायकल हट्टी खेचरासारखी वागते. २६ इंची स्ट्रीट ट्रायल्सही मिळते, पण बीएमएक्सच्या अंगाला ती लांब वाटते. मी २४ घेतली आणि त्याबद्दल एकदाही पस्तावा झाला नाही. बनी हॉप (दोन्ही चाकं उचलून उडी) पहिल्या दिवशी आला. १८० अंशांची गिरकी दुसऱ्या दिवशी. मॅन्युअलला आठवडा गेला, कारण मागचं चाक जरा लांब बसतं. माझ्या बीएमएक्सचा मागचा भाग (पेडलच्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंत) साडेतेरा इंच, म्हणजे ३४३ मिलिमीटर होता, इथे तो ३६० आहे. सतरा मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण बुडाला बरोबर कळतात.

स्टेम, म्हणजे हँडल धरून ठेवणारा तुकडा, मात्र विचित्र. बीएमएक्सवर ५० मिलिमीटरचा होता, इथे ९० चा आणि वर उचललेला. पहिले काही दिवस हँडल आपल्या पुढे पळतंय असं वाटायचं. छोटा स्टेम लावू का, असं तीनदा मनात आलं. बरं झालं नाही लावला. मागच्या चाकावर उभं राहिलात की शरीराचा तोल त्या पुढे गेलेल्या हँडलवरच धरलेला असतो.

आता गिअर. बीएमएक्सवर २५-९ होता: पुढे पंचवीस दाते, मागे नऊ. पेडलच्या एका पूर्ण फेरीत सायकल सुमारे ४.४ मीटर जायची. नव्या सायकलवर २२-१७, एका फेरीत जेमतेम २.५ मीटर. पहिल्याच संध्याकाळी जुन्या मित्रांबरोबर निघालो आणि दोनशे मीटरमध्ये मागे पडलो. पाय पिंजऱ्यातल्या उंदरासारखे फिरतायत, सायकल मात्र जिथल्या तिथे. सीट इतकी खाली की बसायची सोयही नाही. घरी आलो आणि मागची चकती बदलून १४ दात्यांची लावली. मग एका फेरीत ३ मीटर. फिरायला जरा बरं झालं, आणि पुढचे दोन महिने पेडल किक काही केल्या जमेना.

पेडल किक म्हणजे मागच्या चाकावर उभं राहून, ब्रेक सोडताच पुढच्या पायाने पाव फेरीचा झटका देऊन पुढे उडी मारणं. बीएमएक्समध्ये उडीसाठी लागणारी ताकद वेगातून येते. इथे वेग शून्य असतो, सगळं त्या पाव फेरीतून काढायचं. गिअर जड असेल तर झटका बसेपर्यंत तोल पुढे निघून जातो आणि सायकल उडण्याऐवजी नुसती घरंगळते. मला वाटत होतं आपलं तंत्र कच्चं आहे. एका अनुभवी ट्रायल्सवाल्याने माझी सायकल हातात घेतली, मागची चकती बघितली आणि हसला. सतराची परत लावली आणि त्याच आठवड्यात दोन पॅलेटमधली फट पार झाली.

गिअर हलका असण्याची आणखी एक बाजू आहे, ती कुणी आधी सांगत नाही. पेडल मारल्यावर चाकाला पकड मिळते ती हबमध्ये, म्हणजे मागच्या चाकाच्या मधल्या भागात. बीएमएक्सवर माझा हब ३६ पकडींचा होता, म्हणजे दर दहा अंशाला पकड. ट्रायल्सच्या हबमध्ये ७२. ऐकून वाटतं की अर्ध्या अंतरात पकडणार, वा! पण हब मागच्या चाकात आहे. बीएमएक्सच्या जड गिअरवर पेडलपर्यंत येता येता मोकळी हालचाल बरीच कमी होते, इथे गिअर हलका, त्यामुळे ती फारशी कमी होत नाही. हिशोब केला तेव्हा डोकं जागेवर आलं. १७० मिलिमीटरच्या क्रँकवर (पेडलच्या दांडीवर) माझ्या बीएमएक्सचं पेडल पकड बसेपर्यंत जास्तीत जास्त ११ मिलिमीटर मोकळं फिरायचं. या ७२ पकडींच्या हबवरही ते साडेअकराच फिरतं! म्हणजे ७२ ही चैन नाही. ३६ चा हब इथे लावला असता तर पेडल जवळजवळ २३ मिलिमीटर रिकामं गेलं असतं, आणि कठड्याच्या टोकावर उभं असताना तेवढं रिकामं जाणं म्हणजे थेट खाली. म्हणून स्वस्त सायकलवर बाकी काय दिलंय ते नंतर बघा, आधी हबमध्ये पकडी किती ते विचारा. काही सायकलींना फ्रीव्हील, म्हणजे पकडींची ही यंत्रणा, पुढे क्रँकवरच असतं. तिथे गिअरचा हा हिशोब लागतच नाही, १०८ पकडींचं असेल तर पेडल दहा मिलिमीटरमध्येच धरतं. फक्त मग सायकल चालत असेपर्यंत चेन सतत पळत राहते. सैल पँट घालणाऱ्यांनी विचार करावा.

फेकी, म्हणजे उलटं चालवणं, करणाऱ्यांसाठी एक सूचना. उलटं जाताना पेडलही उलटं फिरतं, हे बीएमएक्सच्या साध्या कॅसेट हबवरही होतं. पण इथे त्याच अंतरात ते जवळपास पावणेदोन पट फिरतं. मी तर मधली काही वर्षं फ्रीकोस्टर (उलटं जाताना पेडल न फिरवणारा हब) वापरलेला, पाय स्थिर ठेवायची सवय. पहिल्या फेकीला पेडलने नडगीवर जी खूण केली ती अजून दिसते.

ब्रेकबद्दल मात्र सविस्तरच लिहायला हवं. बीएमएक्सवर शेवटची सहा वर्षं मला ब्रेकच नव्हता, आणि त्याचा थोडा माजही होता. नवी सायकल आल्यावर दोन्ही हायड्रॉलिक डिस्क बघून मी काय केलं? पुढचा काढून ठेवला. बारस्पिनला, म्हणजे हँडल गरकन पूर्ण फिरवायला, ब्रेकची नळी आडवी येते हे कारण. खरं कारण, पुढचा ब्रेक आपल्यासारख्यांनी लावायचा नसतो ही जुनी अकड. चार महिने तो डब्यात पडून होता. त्या चार महिन्यांत मी जे करत होतो ते म्हणजे मोठ्या चाकांवरचं वाईट बीएमएक्स.

पुढचा ब्रेक परत लावला त्या दिवसापासून सायकल बदलली. कठड्यावर पुढचं चाक टेकवायचं, ब्रेक दाबायचा, आणि मागचं चाक वर ओढून घ्यायचं. एवढं साधं. पुढच्या चाकावर उभं राहून मागचा भाग बाजूला फिरवणंही त्याच बोटावर अवलंबून. बारस्पिनचा प्रश्न पुढची नळी फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) दांड्यातून आरपार घेऊन आणि मागची जरा लांब ठेवून सुटतो. एका दिशेने एक बारस्पिन, मग उलटा फिरवून परत. मला पुरतं.

ब्रेकचा ताठपणा काय असतो ते तोपर्यंत मला माहीतच नव्हतं. कमरेएवढ्या भिंतीवर मागच्या चाकावर उभे आहात, पुढचं चाक हवेत लोंबतंय, ब्रेक घट्ट. अशा वेळी अंग जरा मागेपुढे झुकलं की कॅलिपरमधून (ब्रेकचे पॅड बसतात त्या भागातून) बारीक 'टक' ऐकू येतं. पॅड आपल्या खाचेत केसभर सरकलेले असतात. जमिनीवर हा आवाज ऐकूही येत नाही, पण वर उभं असताना पोटात गोळा येतो. मी पॅडच्या मागे पातळ पत्र्याची चिमटी घालून तो बराच कमी केला. गेला मात्र नाही.

तक्रारी आहेत. ज्यांच्याकडून सायकल आली त्यांनी मागची नळी इतकी आखूड कापली होती की हँडल अर्धं वळलं की ताणायची. विचारलं तर उत्तर, "सगळे अशीच वापरतात." स्वतः नवी नळी टाकली आणि तेल भरलं. दुसरी चूक माझीच. चेनला तेल सोडताना थेंबभर डिस्कवर उडालं. पुढचे दोन आठवडे ब्रेक कोंबडा आरवावा तसा ओरडत होता आणि धरत मात्र नव्हता. डिस्क स्पिरिटने पुसली, पॅड घासले, शेवटी फेकून नवे टाकले. बीएमएक्सवाल्याला तेलकट फडकं कुठेही फिरवायची सवय असते, ती आधी मोडा.

फ्रेम अॅल्युमिनिअमची आहे. माझी क्रोमोली पोलादाची बीएमएक्स रेलिंगवर कितीही आपटली तरी फार तर रंग जायचा. हिला आता फ्रेमच्या मागच्या दांडीवर दोन पोचे आहेत आणि मी दर रविवारी बॉटम ब्रॅकेटभोवतीचे (क्रँकचा आस बसतो त्या जागेभोवतीचे) जोड फडक्याने पुसून, मोबाईलचा दिवा लावून बघतो. पेग, म्हणजे रेलिंगवर घसरत जायला चाकाच्या आसाला लावतात त्या नळ्या, लावायचा विचारही करू नका, मागे डिस्क आहे. ते घसरणं, म्हणजे ग्राइंड, हा ज्यांचा जीव की प्राण आहे त्यांनी ही सायकल घेऊच नये, बीएमएक्स उत्तम आहे.

टायरमध्ये मी सवयीने ८० पीएसआय दाबाने हवा भरली होती. चेंडूसारखी उडायची. आता मागे ३५ च्या आसपास ठेवतो. टायर कडेवर चिकटून बसतो, पण धारदार कोपऱ्यावर कमी पडलात तर ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं. महिन्याला एक-दोन पंक्चर धरून चालतो.

घेताना माझ्यासमोर दोन फ्रेम होत्या. एकीचा बॉटम ब्रॅकेट एक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) रेषेपेक्षा १० मिलिमीटर वर, दुसरीचा ३० वर. मी अर्थातच खालचा घेतला. त्यात मॅन्युअल आणि फिरणं छान होतं, मागच्या चाकावर चढायला मात्र प्रत्येक वेळी ओढून घ्यावं लागतं. मित्राची ३० वाली चालवली तेव्हा नुसतं मागे झुकलो आणि वर होतो. आज घ्यायची वेळ आली तर कुठली घेईन? बहुधा त्याचीच. पण तो सध्या माझी मागतोय.

जुनी सायकल बघायला जाणार असाल तर रंगाकडे बघू नका. मागचा ब्रेक दाबून सायकल जोरात पुढे-मागे ढकला आणि डिस्कजवळ कान न्या. मग ब्रेक तसाच धरून पुढचं पेडल आडवं ठेवा, त्यावर उभे राहा, वर दोनदा-तीनदा जोर देऊन उड्या मारा. पेडल एकदाही सटकलं किंवा हबमधून कट्ट झालं, तर विकणारा काहीही सांगो, आधी हब उघडून दाखवायला सांगा.