पद्मिनीचं मागचं सस्पेन्शन बदललं: एक पावसाळा आणि एक ऊस हंगाम वापरल्यानंतर

गाडी प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल. इंजिन प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचं, १,१७१ सीसीचं निस्सान. पुढे मूळची डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागे मूळचाच अखंड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा) आणि पाटे (लीफ स्प्रिंग). पावसाळ्याच्या तोंडावर मागचं सगळं काम करून घेतलं: पाटे, बुश (जोडातल्या रबरी किंवा प्लास्टिकच्या नळ्या), शॅकल (पाट्याचं मागचं टोक बॉडीला जोडणारी हलती कडी), यू-बोल्ट (पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे), शॉकअप (झोके थांबवणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर). तेव्हापासून गाडी बेळगाव शहरात, महामार्गाने निपाणीपर्यंत, खानापूर-जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला आणि हंगामात चिकोडी-रायबागकडच्या उसाच्या रस्त्यांवर चालते आहे.

निकाल आधीच सांगतो. सर्वांत मोठा फरक पडला तो शॉकअप आणि बुश यांनी. पाट्यांचा नंबर त्यांच्यानंतर लागतो. आपल्याकडे मात्र गाडी मागे बसली की पहिला सल्ला मिळतो, "एक पाटा वाढवा". त्याने गाडी वर येते, पण आपटणं थांबत नाही. उलट वाढतं.

का वाढतं ते आधी बघू. पाट्याचा कडकपणा पाट्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. पाच सारख्या पाट्यांत एक तसाच पाटा घातला तर कडकपणा साधारण २० टक्के वाढतो. पण संख्या तीच ठेवून ६ मिलिमीटरच्या जागी ७ मिलिमीटरचे पाटे घातले, तर तो जवळजवळ ६० टक्के वाढतो. ट्रकचे पाटे करणाऱ्याकडे पडलेल्या ढिगातून 'जवळपास तसाच' पाटा उचलला जातो, तिथे हाच घोटाळा होतो. व्हर्निअर कॅलिपर घेऊन जा आणि प्रत्येक पाटा स्वतः मोजा.

काम सुरू करण्याआधी दोन मोजमापं घ्यावीत, नाहीतर नंतर सुधारणा झाली की नाही हे अंदाजानेच बोलावं लागतं. पहिलं: चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या. मग मागच्या सीटवर ५० किलोची सिमेंटची दोन पोती ठेवा आणि अंतर किती कमी झालं ते बघा. पोती डिकीत ठेवू नका, ती जागा अ‍ॅक्सलच्या मागे येते आणि आकडा फसवा निघतो. या गाडीत जुन्या पाट्यांवर १०० किलोला ४० मिलिमीटर उतार येत होता, नव्यांवर ३३ येतो. म्हणजे कडकपणा साधारण पाचव्या हिश्शाने वाढला. घरच्या गाडीला एवढं पुरेसं आहे.

दुसरं मोजमाप बहुतेक जण घेतच नाहीत. डिकीवर दाब देऊन हळूच सोडा, गाडी जिथे थांबेल तिथलं अंतर लिहा. मग बंपर धरून वर उचलून हळूच सोडा आणि पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे पाट्यांतलं आणि बुशमधलं घर्षण. जुन्या गठ्ठ्यात तो १८ मिलिमीटर होता. पाटे एकमेकांवर गंजून बसले होते, त्यामुळे लहान खड्ड्यात स्प्रिंग हलतच नव्हती आणि सगळा धक्का थेट बॉडीत जात होता. अशा गाडीवर कितीही महाग शॉकअप लावला तरी उपयोग शून्य. आता हा फरक ५ मिलिमीटरच्या आसपास आहे.

पाट्यांबद्दल इतकंच: जुने पाटे थंडच ठोकून कमान दिली तर काही आठवड्यांत पुन्हा बसतात. गॅसने लाल करून वाकवले तर पोलादाचं टेम्पर (तापवून-थंडावून दिलेला चिवटपणा) जातं, आणि पाटा एकतर मऊ पडतो किंवा त्याच जागी तुटतो. कमान द्यायचीच असेल तर पूर्ण पाटा भट्टीत तापवून, तेलात थंड करून, पुन्हा टेम्पर करणारा माणूस गाठा. बेळगावच्या उद्यमबागेत आणि कोल्हापूरच्या एमआयडीसींत हीट ट्रीटमेंटची कामं होतात, तिथे चौकशी करा. नवे घेत असाल तर ईएन ४५ किंवा एसयूपी ९ प्रतीचं स्प्रिंग स्टील मागा. प्रत्येक पाट्याचं टोक ग्राइंडरने गोल करून घ्या. धारदार टोक वरच्या पाट्यात खाच पाडतं आणि तडा तिथूनच सुरू होतो.

पाट्यांमध्ये ग्रॅफाइट ग्रीस की प्लास्टिकची पट्टी, यावर माझं मत आता पक्कं आहे. कणकुंबीचा पाऊस आणि जांबोटी रस्त्याची तांबडी माती यांच्यापुढे ग्रीस टिकत नाही. आधी धुऊन जातं, उरलेल्याला माती चिकटते आणि त्याचं पॉलिश पेपरसारखं काम सुरू होतं. दीड मिलिमीटर जाडीची एचडीपीई प्लास्टिकची पट्टी घातली, ती अजून चांगली आहे. एकच पट्टी घसरून बाहेर आली, कारण तिला मध्ये भोक नव्हतं. पट्टी सेंटर बोल्टमध्ये (सगळे पाटे मधोमध जोडणाऱ्या बोल्टमध्ये) ओवूनच बसवा.

आता बुश. पाट्याच्या पुढच्या डोळ्यात (टोकाच्या गोल वळणात) पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, आणि मागे शॅकलमध्ये रबर, अशी विभागणी केली आणि ती बरोबर ठरली. पुढचा डोळा अ‍ॅक्सलला जागेवर धरतो, तिथे ढिलाई नको. मागच्या बाजूला मात्र एकच चाक खड्ड्यात गेलं की पाट्याला पीळ बसतो, आणि तो पीळ रबर सहन करतं. दोन्हीकडे पीयू घातला की गाडी ताठ होते, शिवाय कुरकुर सुरू होते. पीयूला सिलिकॉन ग्रीसच लावा. पावसाळ्यानंतर पुढचा डोळा किरकिरला होता. बोल्ट काढून, पुसून, पुन्हा सिलिकॉन ग्रीस लावल्यावर आवाज गेला.

रबरी बुशच्या बोल्टबद्दल एक नियम अजिबात मोडू नका. गाडी जॅकवर, चाकं लटकलेली असताना हे बोल्ट फक्त हाताने घट्ट करायचे. गाडी चाकांवर उतरवा, डिकी दाबून दोनचार वेळा हलवा, आणि मगच पान्याने पूर्ण आवळा. लटकत्या स्थितीत आवळला तर गाडी खाली येताच रबर पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. नवे बुश लवकर गेले अशी तक्रार जिथे ऐकू येते, तिथे बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

शॅकलचा कोन बघा. गाडी नेहमीच्या वजनावर उभी असताना शॅकल मागे झुकलेलं हवं. पाटा सपाट होताना लांब होतो, त्याला मागे सरकायला जागा लागते. शॅकल उभं सरळ किंवा पुढे झुकलेलं असेल तर पाट्याची कमान गरजेपेक्षा जास्त आहे. अशी गाडी दगडासारखी चालते आणि दोष उगाच शॉकअपवर जातो.

शॉकअप नाव बघून घेऊ नका, लांबी मोजून घ्या. वरच्या बैठकीपासून खालच्या बैठकीपर्यंत तीन मापं लागतात: गाडी उभी असताना, अ‍ॅक्सल बंप स्टॉपला (वरच्या रबरी अडथळ्याला) टेकल्यावर आणि चाक पूर्ण लटकल्यावर. या गाडीत ती अनुक्रमे ३६५, ३०० आणि ४४० मिलिमीटर आली. म्हणून बंद लांबी २८८ च्या आत आणि उघडी लांबी ४५० च्या वर असलेला लो-प्रेशर गॅस शॉकअप निवडला. बंद लांबी जास्त असेल तर बंप स्टॉपच्या आधी शॉकअपच तळाला आपटतो आणि बैठक फाडतो. उघडी लांबी कमी पडली तर प्रत्येक मोठ्या खड्ड्यात लटकणाऱ्या अ‍ॅक्सलचं वजन त्याच्या आतल्या वॉशरवर येतं. गाडीची उंची बदलली असेल तर जुनी मापं धरू नका, नव्याने घ्या.

माल वाहणाऱ्या व्हॅनचा कडक शॉकअप अनेक जण लावतात. त्याचं परतीचं बळ (उघडताना होणारा विरोध) इतकं असतं की सलग उंचवट्यांवर पाटा पुन्हा वर यायच्या आत पुढचा धक्का येतो आणि गाडी खाली खाली दबत जाते. हत्तरगी किंवा कोगनोळी टोलच्या आधीच्या रंबल पट्ट्यांवर हे लगेच कळतं. सध्याच्या शॉकअपवर तिथे मागचा भाग नाचत नाही आणि दबतही नाही. वंटमुरी घाटात उतारावर ब्रेक लावत वळताना मागची बाजू आता एका झोक्यात स्थिर होते, पूर्वी दोनतीन झोके घ्यायची.

जास्त ताकदीचं इंजिन बसवलेल्यांसाठी खास. पहिल्या गिअरमध्ये चढावर जोर दिला की पिनियनचं (अ‍ॅक्सलमध्ये शाफ्ट जिथे जोडला जातो त्या दात्यांच्या चक्राचं) तोंड वर उचलतं, पाटा एसच्या आकारात वाकतो आणि मागून थरथर येते. त्यासाठी पाट्याच्या पुढच्या अर्ध्या भागावर पाटे एकत्र धरणाऱ्या दोन क्लिपा घट्ट ठेवल्या, मागच्या अर्ध्यावर सैल. थरथर जवळजवळ गेली. पाटे नवे झाल्यावर पिनियनचा कोनही तपासा. गिअरबॉक्सचा बाहेरचा शाफ्ट आणि पिनियन एकमेकांना समांतर हवेत, एखाद्या अंशाचा फरक चालतो. मोबाइलमधल्या लेव्हलने हे मोजता येतं. गरज पडली तर पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्या मध्ये २ अंशांची पाचर घाला, पण पोलादी. अ‍ॅल्युमिनियमची पाचर दाबाने चिरडते, मग यू-बोल्ट सैल होतात, मग सेंटर बोल्ट तुटतो आणि अ‍ॅक्सल जागेवरून सरकतो.

बसवताना एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे दुसरी बाजू अ‍ॅक्सलला धरून ठेवते. घोड्या (जॅक स्टँड) बॉडीखाली लावा, जॅक अ‍ॅक्सलखाली. गंजलेल्या बोल्टवर आदल्या दिवशीच तेल सोडून ठेवा. पेट्रोलची टाकी मागेच असल्यामुळे गॅस कटर तिथे नेऊ नका, ग्राइंडर चालवण्याआधीही टाकी काढून घ्या. पद्मिनीला वेगळी चासी नाही, त्यामुळे पाट्याच्या पुढच्या बैठकीभोवतीचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. खानापूरकडच्या गाड्यांत तो आतून सडलेला असू शकतो. सडलेल्या पत्र्यावर नवे पाटे बसवणं धोक्याचं आहे, आधी वेल्डिंग. शेवटी दोन्ही बाजूंना पुढच्या डोळ्यापासून अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत अंतर घ्या. ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर गाडी तिरकी चालणार.

यू-बोल्ट नेहमी नवे. १० मिलिमीटरचे, ८.८ ग्रेडचे असतील तर ४० ते ४५ न्यूटन-मीटर, तिरप्या क्रमाने. १०० किलोमीटरनंतर आणि पुन्हा ५०० नंतर आवळायचेच. या गाडीत पहिल्या खेपेला चारही यू-बोल्टच्या नटांना थोडा फेर मिळाला, दुसऱ्या वेळी काही नाही.

इतक्या महिन्यांनंतरची स्थिती अशी. नवे पाटे सुरुवातीला ८ मिलिमीटर बसले आणि तिथेच थांबले. उंची ठरवताना एवढं जास्तीचं धरून ठेवा. शॉकअपला गळती नाही, पण वरच्या बैठकीची रबरं चपटी झाली, ती बदलली. डाव्या शॉकअपच्या दांड्यावर मातीचे ओरखडे दिसू लागले होते, म्हणून दोन्हींवर रबरी बूट चढवले. उसाच्या ट्रेलरनी पाडलेल्या चाकोऱ्यांत मागचं टोक अजूनही बाजूला ओढलं जातं. अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत ते राहणारच, पैसे ओतून जाणार नाही.

डिकीत सीएनजीची टाकी असेल तर ६० किलोच्या आसपास वजन कायम मागे असतं. तिथे मात्र एक पाटा वाढवणं योग्य आहे, आणि शॉकअपची मापं टाकी भरलेली असताना घ्यावीत. बजेट अपुरं असेल तर या क्रमाने जा: आधी पाटे उघडून साफ करून पट्ट्या आणि बुश, मग शॉकअप, नवे पाटे सर्वांत शेवटी. डिकीत एक सेंटर बोल्ट, दोन यू-बोल्ट आणि शॉकअपच्या रबरांचा एक सेट ठेवा. जांबोटीच्या पुढे हे सुटे भाग मिळत नाहीत.