जुनी ऑटोमॅटिक घेताय? आधी ती कुठली ऑटोमॅटिक ते ओळखा

इंदूरला जुनी ऑटोमॅटिक बघायला गेलं की ब्रोकरचं ठरलेलं वाक्य असतं, "ऑटोमॅटिक है अंकल, क्लच का झंझट ही नहीं", आणि कुठली ऑटोमॅटिक म्हणून विचारलं की तो लगेच एसी लावून दाखवतो. पण पैशाचा प्रश्न नेमका तिथेच आहे. एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण गिअर गाडी स्वतः टाकते), टॉर्क कन्व्हर्टर (क्लचप्लेटऐवजी तेलातून ताकद पोचवणारा), सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, बेल्टवर चालणारा) आणि डीसीटी (दोन क्लचचा, फोक्सवॅगन-स्कोडावाले त्याला डीएसजी म्हणतात), हे चारही प्रकार बाजारात "ऑटो" या एकाच नावाने विकले जातात, आणि बिघडल्यावर चौघांचं बिल वेगवेगळं येतं.

सगळ्यात सोपी ओळख एएमटीची. लिव्हर बघा, पी (पार्क) नसेल, नुसतं आर, एन, डी आणि बाजूला प्लस-मायनस असेल तर आपल्याकडच्या साध्या गाड्यांत ती बहुतेक एएमटीच. सेलेरिओ २०१४ ला आली तेव्हापासून हे प्रकरण घराघरात पोचलं, मारुती त्याला एजीएस म्हणते, रेनॉची इझी-आर, महिंद्राची ऑटोशिफ्ट, नावं कितीही असली तरी आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधी क्लचप्लेट, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम ॲक्च्युएटर नावाची यंत्रणा करते. अजून एक गंमत, यातल्या बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद असताना ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की बॉनेटकडून सेकंदभर घूं असा बारीक आवाज येतो, तो ॲक्च्युएटरचा पंप प्रेशर बनवतोय. शांत गल्लीत उभी असेल तर नीट ऐकू येतो. चालवताना पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मान हलकीशी पुढे जाते ती वेगळीच. ब्रेक सोडल्यावर गाडी आपोआप सरकते म्हणून ती एएमटी नाही असं कोणी सांगितलं तर मानू नका, सेलेरिओसुद्धा सरकते.

पी असेल तर मात्र खरी गोची, कारण बाकी तिघांनाही पी असतो. जुन्या मारुतीत लिव्हरवर ओ/डीचं बटण आणि खाली २, एल असं लिहिलेलं दिसलं तर तो चार गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, जुन्या डिझायरमध्ये, अर्टिगात तोच आहे. नाहीतर आरपीएमच्या काट्यावर नजर ठेवा. रस्ता मोकळा बघून पाय दाबा, काटा वर जाऊन आरामात खाली आला, परत वर गेला, तर टॉर्क कन्व्हर्टर. काटा एका जागी अडकल्यासारखा थांबला आणि स्पीड मात्र वाढत राहिला तर सीव्हीटी. काटा पटकन तुटल्यासारखा खाली पडला आणि धक्का जवळजवळ जाणवलाच नाही तर डीसीटी.

आता खरी फसगत कुठे होते तर गाडीच्या नावात. होंडा सिटी ऑटोमॅटिक म्हणजे काय? २००८ च्या आधीची असेल तर सीव्हीटी, २००८ ते २०१३ मधली असेल तर पाच गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, २०१४ ची नवी बॉडी असेल तर परत सीव्हीटी. अमेझ पेट्रोलला आधी पाच गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, २०१६ च्या फेसलिफ्टपासून सीव्हीटी. बलेनो उलटी, २०१५ पासून सीव्हीटी होती, २०२२ ला एजीएस झाली, म्हणजे नवी घेतली तर जास्त स्मूद मिळेल हा हिशेब तिथे चालत नाही. डिझायर पेट्रोलला आधी चार गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, २०१७ च्या बॉडीपासून एजीएस. आणि सगळ्यात डोकेदुखी पोलो-व्हेंटोची. व्हेंटो १.६ पेट्रोल म्हणजे सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, तीच व्हेंटो टीएसआय १.२ म्हणजे सात गिअरचा डीएसजी, लिव्हर बघून फरक कळणं अवघड. पोलोवर जीटी टीएसआयचा बॅज २०२० च्या आधीही आहे आणि नंतरही, पण आधीची १.२ डीएसजी, नंतरची १.० साधी टॉर्क कन्व्हर्टर. म्हणून या कंपनीच्या गाडीत डिकी उघडून स्टेपनीच्या खड्ड्यातलं स्टिकर शोधा, तिथे इंजिन आणि गिअरबॉक्सची कोडअक्षरं छापलेली असतात, तेच स्टिकर सर्व्हिस बुकातही असतं. बाकी गाड्यांत आरसीवर मॉडेलच्या नावापुढे सीव्हीटी, एजीएस, एटी असं काही लिहिलंय का बघा, बऱ्याचदा असतं.

मग घ्यायची कुठली? रोजचं काम जवाहर मार्ग, राजवाडा, पलासिया असलं रांगत जायचं आणि बजेट कमी असेल तर एएमटी वाईट नाही, मायलेज मॅन्युअलच्या जवळपास, क्लचप्लेट बदलायला कोणीही मिळतो, फक्त नंतर स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरला नवा क्लच परत शिकवावा लागतो तेवढं विचारून घ्या, नाहीतर नवी प्लेट टाकूनही गाडी उड्या मारते. पण घरी वडील, सासूबाई बसणार असतील आणि झटके नको असतील तर मी डोळे मिटून चार-पाच गिअरचा जुना टॉर्क कन्व्हर्टर घेईन, पेट्रोल जास्त पितो हे मान्य, पण पिकअप आळशी असला तरी बिघडायला वेळ लावतो, आणि ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटात ट्रकच्या मागे अडकलो तरी क्लच जळायची भीती नाही. एएमटीला त्याच घाटात ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली तर वास येतोच, तिथे ब्रेक नाहीतर हँडब्रेक वापरायची सवय लावावी लागते.

होंडाची सीव्हीटी शहरात चालवायला या सगळ्यात मऊ, सर्व्हिस रेकॉर्डमध्ये ऑइल बदलल्याची नोंद असेल तर बिनधास्त. नोंद नसेल तर भाव पाडा किंवा सोडून द्या.

डीएसजीबद्दल माझं मत थोडं कडक आहे. चालवायला मजा, हायवेला तर काय बोलायचं. पण आपल्या छोट्या गाड्यांत जो सात गिअरचा आहे त्याचे क्लच कोरडे असतात, आणि रेंगाळत्या ट्रॅफिकमध्ये त्यांचा जीव जातो. २०१३ मध्ये फोक्सवॅगनला डीएसजीसाठी चीनमध्ये मोठा रिकॉल काढावा लागला होता. टेस्ट ड्राइव्हला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू चालवा, गाडी थरथरली तर तिथूनच परत फिरा.

गाडी घेऊन झाल्यावरही प्रकार लक्षात ठेवा बरं का. आपल्या नेहमीच्या गॅरेजवाल्याला आधीच सांगून ठेवा, कारण सीव्हीटीचं ऑइल वेगळं, टॉर्क कन्व्हर्टरचं वेगळं (त्याला एटीएफ म्हणतात), आणि एएमटीत तर गिअर ऑइल मॅन्युअलचंच लागतं पण ॲक्च्युएटरच्या छोट्या टाकीतलं तेल निराळं. "ऑटोमॅटिक का ऑइल" म्हणून सरसकट एकच डबा ओतणारे आहेत, आणि सीव्हीटीत एटीएफ गेलं की बेल्टची वाट लागते.