पावसाळी घाटासाठी टायर : कठीण रबर, मऊ रबर की बटन?

जुलैत ताम्हिणी किंवा आंबोलीच्या वाटेला लागण्यापूर्वी नवा टायर घ्यायला गेलेला दुचाकीस्वार दुकानात सर्वप्रथम नक्षी पाहतो, आणि जितके चर खोल व ठोकळे मोठे, तितका टायर ओल्या रस्त्याला अधिक धरील असे गृहीत धरतो. ही समजूत फार तर निम्मी खरी आहे. मोटारीचा टायर सपाट व रुंद असल्यामुळे वेगात पाण्याच्या थरावर तरंगू शकतो. दुचाकीचा टायर मात्र गोलसर आणि अरुंद असल्याने पाणी कापत जातो, त्यामुळे घाटातल्या तीस-चाळीसच्या वेगात तरंगण्याची भीती सहसा नसते. तेथे चाक सटकते ते रबर थंडीने ताठरल्यामुळे, शेवाळामुळे किंवा रस्त्यावर सांडलेल्या डिझेलमुळे. म्हणून निवड करताना आधी रबर पाहावे, नक्षी नंतर.

शंभर ते दीडशे सीसीच्या बहुतेक गाड्यांवर कारखान्यातूनच कठीण रबराचे टायर येतात. ते स्वस्त असतात, पुष्कळ किलोमीटर चालतात आणि रोजच्या ऑफिसच्या फेरीला पुरेसे असतात. त्यांची उणीव डिसेंबरच्या पहाटे महाबळेश्वराकडे चढताना किंवा सलग पावसात जाणवते, कारण अशा वेळी रबर गरम होतच नाही आणि ब्रेक थोडा जोरात दाबताच मागचे चाक घसटत जाते.

मऊ रबराचे टूरिंग टायर महाग असले तरी ओल्या व गार रस्त्यासाठी माझी पहिली पसंती त्यांनाच आहे. टायरला काळा रंग आणि टिकाऊपणा देणाऱ्या कार्बन ब्लॅकऐवजी यांच्या रबरात बऱ्याच प्रमाणात सिलिका मिसळलेली असते. सिलिकामुळे रबर कमी तापमानातही लवचीक राहते आणि डांबराच्या खडबडीत कणांत नीट रुतते. मोटारींच्या टायरमध्ये हे तंत्र १९९०च्या दशकाच्या सुरुवातीस रुळले आणि पुढे दुचाकींकडे आले. दुकानात दोन्ही प्रकारचे टायर शेजारी ठेवून अंगठ्याचे नख दाबून पाहावे : मऊ रबरात नखाची रेघ क्षणभर टिकते, कठीण रबरावर नख नुसतेच घसरते. ही काही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे, पण दुकानदाराच्या शब्दापेक्षा बरी. हे टायर लवकर झिजतात, विशेषतः मागचा. यावर तोडगा म्हणून काही टायरमध्ये मधला पट्टा कठीण आणि कडा मऊ ठेवलेल्या असतात; सरळ महामार्ग आणि वळणांचा घाट दोन्ही वाट्याला येणाऱ्याने असाच टायर घ्यावा.

बटन टायरविषयी, म्हणजे सुट्या, उंच ठोकळ्यांच्या नक्षीच्या टायरविषयी, मात्र सावध राहावे. चिखलात, मुरमाड वाटेवर त्याला तोड नाही. पण ओल्या डांबरावर ठोकळ्यांमधल्या पोकळीमुळे प्रत्यक्ष टेकणारे रबर कमी होते आणि ब्रेक लावताना प्रत्येक ठोकळा किंचित मुडपतो. पौडच्या पुढे एका वळणावर रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावरून माझे पुढचे चाक हातभर बाजूला सरकले, तेव्हा गाडीला असेच टायर होते आणि वेग पंचवीसच्या आतबाहेर होता. गडाच्या पायथ्यापर्यंतचे शेवटचे पाच-सहा किलोमीटर दर आठवड्याला कच्च्या रस्त्याचे असतील, तरच त्यांचा विचार करावा. अन्यथा उथळ ठोकळ्यांचे, रस्ता आणि माती दोन्हींसाठीचे टायर पुरतात.

शर्यतीच्या धर्तीचे स्पोर्ट टायर या कामासाठी सोडूनच द्यावेत. त्यांना पकडीसाठी लागणारी उष्णता पावसाळी घाटात मिळत नाही.

पैसे अपुरे असतील तर बहुतेक जण मागचा टायर चांगला घेतात आणि पुढचा गोटा झालेला तसाच ठेवतात. माझ्या मते क्रम उलटा हवा, कारण मागचे चाक घसरले तर गाडी सावरायला थोडी उसंत मिळते, पुढचे घसरले तर मिळत नाही. मापाबाबत सांगायचे तर १७ इंची चाकांना मऊ रबराचे पर्याय मुबलक आहेत, तर ८०/१००-१८ सारख्या मापात ते मोजकेच मिळतात. पण तेवढ्यासाठी रिमला न मानवणारा रुंद टायर चढवू नये, त्याने टायरचा आकारच बिघडतो. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचावेत : २३२४ म्हणजे टायर २०२४ सालातल्या २३व्या आठवड्यात बनला. पावसात हवा कमी करण्याची सवय असेल तर ती मोडावी. हवा कमी असली की चर दबतात आणि पाण्याला वाट उरत नाही. उलट तापमान दहा अंशांनी उतरले की हवा साधारण एक ते दीड पीएसआयने आपोआपच घटते, म्हणून ती पहाटे, गाडी काढण्यापूर्वी, पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहावी.

नव्या टायरचा वरचा गुळगुळीत थर जायला शे-दीडशे किलोमीटर लागतात, तेव्हा हे टायर पहिल्या सरीच्या आदल्या दिवशी नव्हे, मेच्या मध्यावर कोरड्या रस्त्यावर बसवून घ्यावेत.