डॉकसाइड रीडिंग: पुस्तकाला चार स्टार, दुकानाला दीड

आमच्या नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका दुकानात ऑर्डर दिलेली, "दहा दिवसात येईल मॅडम" म्हणाले आणि लागले सात आठवडे, फोन केला की एकच उत्तर, कस्टममधे अडकलंय. खरंखोटं त्यांनाच ठाऊक. आलं तेही कोपरा दुमडून. पण पुस्तकच नेमकं कस्टमच्या तावडीत सापडणाऱ्या पुस्तकांवर आहे म्हटल्यावर मला भांडताना हसूच यायला लागलं.

लेखिका इझाबेल हॉफमेयर, जोहान्सबर्गच्या विट्स विद्यापीठातल्या. 2022 चं बारीकसं पुस्तक आहे. दक्षिण आफ्रिकेत, डरबनसारख्या बंदरात बोटीतून उतरणारी पुस्तकं कस्टमचे लोक कशी "वाचायचे", तर बाकीच्या मालासारखीच! पानं चाळायची, कव्हर बघायचं, कुठे छापलंय ते शोधायचं, चोरून छापलेलं नाही ना, अश्लील किंवा राजद्रोही नाही ना, की झालं. कॉपीराइटसुद्धा त्यांच्या लेखी मालावरच्या शिक्क्यासारखाच. हे वाचल्यापासून मी पुस्तक हातात घेतलं की आधी मागची बारीक अक्षरं बघते, सवयच लागली.

आता तुम्ही म्हणाल नाशिकला कुठला आलाय समुद्र. अहो, 1909 च्या डिसेंबरात विजयानंद थिएटरात कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेलं पिस्तूल लंडनहून बोटीनेच आलेलं, ट्रंकेच्या चोरकप्प्यातून. आणि त्याच्या महिनाभर आधी गांधीजी किल्डोनन कॅसल बोटीवर बसून हिंद स्वराज लिहीत होते, 1910 मधे मुंबई सरकारने त्या गुजराती पुस्तकावर बंदी घातली. म्हणजे पिस्तूल सुटलं, पुस्तक धरलं. (ही जोडणी माझी हां, बाईंच्या नावावर खपवू नका.)

भाषा मात्र जड आहे. हायड्रोकलोनिअलिझम हा शब्द पहिल्यांदा आला तेव्हा मी पुस्तक मिटून चहा टाकला. समुद्राच्या, बंदराच्या पाण्यावरही साम्राज्याचा ताबा असतो आणि त्याचा ठसा वाङ्मयावर उमटतो, असं काहीसं मला कळलं.

सुरुवात करायची तर त्यांचंच 2013 चं गांधीज प्रिंटिंग प्रेस आधी घ्या, ते जास्त रसाळ आहे. डरबनजवळच्या गांधीजींच्या फिनिक्स आश्रमातला छापखाना, ऐनवेळी इंजिन रुसलं तर हाताने चाक फिरवून इंडियन ओपिनियन हे साप्ताहिक काढणं, आणि वाचकांनी सावकाश, परत परत वाचावं हा गांधीजींचा आग्रह. मी सुद्धा रोज चारच पानं वाचली. ऑर्डर मात्र दुसऱ्या दुकानात देईन.