आपल्या जागेवर घर की सरकारी सदनिका?

बेळगावच्या वडगावातील एका विणकर कुटुंबापुढे प्रश्न आहे, की पंतप्रधान आवास योजनेतून वडिलोपार्जित जागेवर घर बांधावे, की भागीदारी प्रकल्पातली, म्हणजे शासनाने इतर संस्थांसोबत उभारलेल्या इमारतीतली, सदनिका घ्यावी. २०१५ च्या शहरी योजनेत दोन्ही मार्गांना केंद्राचे साहाय्य १.५ लाख रुपयेच होते. फरक पुढे पडतो.

आपल्या जागेवर बांधताना साहाय्याचे हप्ते कामाच्या प्रगतीनुसार मिळतात, त्यामुळे मधल्या काळात उसनवारी होते, आणि उतारा चार भावांच्या नावे असेल तर आधी वाटणी उरकावी लागते. सदनिकेत ही दगदग नाही, मात्र उरलेल्या रकमेसाठी बहुधा कर्ज काढावे लागते.

टिकाऊपणाचे म्हणाल, तर आपल्या घराची डागडुजी आपल्या हाती असते. इमारतीत पाण्याचा पंप बिघडला तरी सर्वांची वर्गणी जमावी लागते.

खरा प्रश्न मागाचा आहे. या घरात पुढच्या खोलीत यंत्रमाग चालतो आणि त्याच्या धक्क्याने भिंतीवरचे देवाचे फोटोही हलतात. तो तिसऱ्या मजल्यावर कसा चालवणार? योजनेतले ३० चौरस मीटरचे घर आखताना, त्याच छताखाली पोटही भरते याचा विचार करणे ही शासनाचीच जबाबदारी आहे, असे मला ठामपणे वाटते.

म्हणून उतारा निर्वेध आणि माग घरातच असेल, तर आपल्या जागेवर बांधावे. भाड्याने राहून उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या, जागा नसलेल्या कुटुंबाला सदनिका सोयीची.