पेट्रोल मुरलेल्या विहिरीवर इलाज करणारी एजन्सी : ५ पैकी ३ स्टार

यवतमाळ जिल्ह्यात हायवेला आमचा पंप आहे. गेल्या वर्षी मार्चात जमिनीखालच्या टाकीच्या पाइपाचा जॉइंट गळला अन् बाजूच्या काकांच्या विहिरीला पेट्रोलचा वास सुटला. चूक आपली म्हणून खर्चही आपलाच. एजन्सीचं नाव घेत नाही, बिलाचा वाद अजून चालू आहे.

सुरुवात चांगली केली त्यांनी. पेट्रोल पाण्यावर तरंगते, तर आधी महिनाभर तवंग उपसला, मगच औषधाचं बोलले. त्यांच्या आधी एक जण येऊन गेला, तो म्हणे विहिरीत लाल दवा, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, टाका अन् मोकळे व्हा. अरे बाप्पा, पेट्रोलमधल्या बेंझिनवर लाल दव्याचा जवळपास काहीच असर होत नाही. यांनी आणली मॅग्नेशियम पेरॉक्साइडची पावडर, ती पाण्यात कालवून खाली सोडायची, ती हळूहळू ऑक्सिजन सोडते अन् त्यावर मातीतले जिवाणू पेट्रोल खाऊन टाकतात. औषधाबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ते खाली पोचवण्याची. मशीनने पोकळ रॉड ठोकायचा अन् प्रेशरने घोळ भरायचा, स्वस्त पडते म्हणे. आता आमच्याकडे वर दहा फूट काळी, खाली मुरूम अन् मग काळा दगड, रॉड मुरुमालाच अडला. प्रेशर वाढवलं तर दिवाळीनंतर काळीला भेगा पडलेल्या, घोळ त्यातून वर येऊन काकांच्या वावरात पर्‍हाटीच्या दोन ओळींत चुना सांडल्यासारखा पसरला. कापसाची वेचणी चालू होती. काका म्हणे, "काहून रे बाबू, विहीर झाली, आता वावरही घेतं का?" मी काय बोलणार. आमच्या बोअरवाल्याले विचारलं असतं तर त्याने चहा पिता पिताच सांगितलं असतं की इथं रॉड चालत नाही.

मग दुसरी पद्धत केली, खरं म्हणजे तीच पहिली करायची होती. दगडापर्यंत तीन बोअर मारले, आधी नुसतं साधं पाणी सोडून पाहिलं, दोन बोअर घटाघट प्यायले अन् तिसरा घोटभर घेऊन ओकला, तो सोडून दिला. बाकीच्या दोघांत जिथं दगडाला भेगा तिथं वर-खाली रबरी पॅकर, म्हणजे बोअर बंद करणारे बूच, फुगवून मधल्या तेवढ्याच जागी कमी प्रेशरने, हळू, दिवसभर घोळ सोडला. वर थेंब नाही आला.

उन्हाळ्यापर्यंत वास गेला. रिपोर्टात बेंझिन लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या खाली, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेत. पण या पावसाळ्यात पाणी वर चढलं तसा पुन्हा हलका वास आला, वरच्या मातीत चिकटून राहिलेलं पेट्रोल सुटते म्हणे. दुसऱ्या राउंडचे पैसे वेगळे मागतात, हे कोटेशनमध्ये कुठंच नव्हतं.

काका त्या विहिरीचं पाणी अजून बैलालेही दाखवत नाहीत, रोज सकाळी आमच्याच पंपाच्या नळावरून दोन ड्रम भरून नेतात.