भाऊबिजेचा तयार औक्षणसंच : निरांजन उत्तम, तबक निरुपयोगी

दिवाळीच्या तोंडावर पुण्याच्या तुळशीबागेतील एका दुकानातून भाऊबिजेसाठी तयार औक्षणसंच साडेआठशे रुपयांना घेतला. मखमल आणि खडे चिकटवलेले तबक, पितळी निरांजन, हळदीकुंकवाची कोयरी, अक्षतांची वाटी, सुपारी, तुपात भिजवून गोठवलेल्या फुलवाती आणि ओवाळणीसाठी जरीचे पाकीट असा सगळा सरंजाम एकाच खोक्यात मिळतो, त्यामुळे ऐन सणाच्या दिवशीची शोधाशोध वाचते.

संचातील निरांजन खरोखरच चांगले आहे. त्याचे बूड जड असून वाटी पुरेशी खोलगट आहे, त्यामुळे फुलवात मधोमध उभी राहते आणि सख्ख्या-चुलत सर्व भावांना ओवाळून होईपर्यंत ज्योत मंदावत नाही. भाऊ नसलेल्या बहिणी या दिवशी चंद्राला ओवाळतात; द्वितीयेची कोर सूर्यास्तानंतर पश्चिमेला थोडाच वेळ दिसते आणि गच्चीवर वारा असतो, तेव्हा ही खोल वाटी विशेष उपयोगी पडते.

तबकाबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. त्याच्या मधोमध खड्यांचे कमळ असल्याने निरांजन त्यावर कलते, आणि कडेला ठेवावे तर तबक एका बाजूला झुकते. आपल्याकडे कुंकू आणि अक्षता लावल्यावर आधी सोन्याची अंगठी व सुपारी हातात धरून ओवाळतात आणि दर फेरीला ती तबकाला टेकवतात. मखमलीवर अंगठी टेकवली की आवाजच होत नाही. धातूवर होणाऱ्या त्या बारीक किणकिणीची सवय असलेल्यांना हे औक्षण मुके वाटेल. त्यात कुंकू सांडले तर डाग जात नाही. पितळेचे तबक चिंचेने किंवा पितांबरीने घासून पाडव्याला वापरावे, भाऊबिजेला वापरावे आणि वाढदिवसालाही काढावे. हे चिकटवलेले तबक पाण्याखाली धरण्याचीही सोय नाही. म्हणजे जी वस्तू पिढ्यान् पिढ्या वापरायची, ती येथे एका दिवाळीपुरती करून ठेवली आहे.

जरीच्या पाकिटाचे प्रयोजन मला उमगले नाही. ओवाळणी भावाने घालायची, मग पाकीट बहिणीने विकत का घ्यावे? शिवाय ओवाळणी तबकात उघडी पडली तरच त्या नोटेवरून भावंडांची थट्टामस्करी रंगते.

वसतिगृहात किंवा परदेशात राहणाऱ्या आणि घरी औक्षणाचे काहीच साहित्य नसलेल्या बहिणीला पाठवायला हा संच ठीक आहे. घरात साधे पितळी वा स्टीलचे ताट असेल, तर मात्र पूर्ण संच घेऊ नये. विचारल्यास दुकानदार याच घडणीचे निरांजन सुटेही देतात आणि कोयरी तर कोणत्याही भांड्यांच्या दुकानात मिळते.